कापलेले सहा नर

“कापले! अख्खे नर कापले ह्या माणसानं!” काकू पपईच्या वावरातून ओरडत होती. त्या आवाजानं उंद्रीच्या बाजारातले तराजू थरथरले म्हणतात. मी तिथं नव्हते, पण काकूचा आवाज ऐकलेला असल्यामुळे माझा विश्वास आहे.

चहा टाकून मी धावले. काका धुऱ्यावर, म्हणजे शेजारच्या वावराला लागून असलेल्या बांधावर उभे, हातात कुऱ्हाड, चेहरा असा की साऱ्या जिल्ह्याची दिवाळीची साफसफाई एकट्यानं उरकली. मागे सहा नर पपया आडव्या, फुलांचे लांब झुबके मातीत. उभ्या होत्या त्या नुसत्या माद्या, ऐन फुलांवर आलेल्या.

“काऊन कापले?” मी किंचाळले.

“तूच त सांगतलं. नरात कचरा भरला हाये म्हणून.”

सांगितलं होतं खरं. वनस्पतीशास्त्र शिकून आलेल्या पोरीनं ओसरीवर गप्प बसावं तरी किती? आदल्या संध्याकाळी मी रंगातच आले होते. पपईचं नरपण ज्या वाय गुणसूत्रावर असतं, तिथं डीएनएचे उड्या मारणारे तुकडे येऊन बसतात आणि स्वतःच्या नकला काढत सुटतात. बाकीच्या गुणसूत्रांच्या जोड्या आपसात देवाणघेवाण करतात, त्यात असला पसारा निघून जायला वाव असतो. वायच्या त्या भागाला अदलाबदलीला जोडीदारच नाही, मग झाडणार कोण? लाखो वर्षं तुकडे साचतात, गुणसूत्र असंच घडत जातं. “काका, लग्न लागून महिना झाला तरी न हलणारे पाहुणे, वरून रोज आपल्यासारखेच दोन बोलावणारे!” काकांनी एकच विचारलं, “म्हंजे कचराच?” मी म्हटलं, “खच्चून!”

त्याच पसाऱ्याच्या शेजारी नर फूल घडवणारी जनुकं नांदतात, आणि त्या फुलाच्या परागाशिवाय आमच्या माद्यांना धड फळ धरणार नाही, हा भाग मी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला होता. काकांची ही पहिलीच पपई. दहा माद्यांमागे एक नर ठेवा, असं रोपवाटिकावाल्यानं बजावलं होतं. पण त्याच्यापाशी उड्या मारणारे तुकडे नव्हते.

आता वाचवू शकत होते फक्त शेजारचे चाचा. त्यांच्या वावरात नर डौलात उभे. पण धुऱ्यावरची बोर कुणाची ह्यावरून काका आणि चाचा अकरा वर्षं बोलत नव्हते. मी गेले, तर चाचा म्हणाले, “कापणाऱ्यालेच पाठव.”

दोनशे पावलांचं अंतर. काकांनी ते चालायला जेवढा वेळ लावला, तेवढ्यात माणूस हिवरा आश्रमाला पायी जाऊन प्रसाद घेऊन परत आला असता.

“फुलं पायजे होते,” काका बोरीकडे बघत म्हणाले. “नराचे. हातानं लावतो माद्यायले.”

“नर काऊन कापले बे?”

झालं! काकांनी माझं अख्खं व्याख्यान दिलं, पाहुण्यांसकट. तुकडे कसे उडतात ते चाचांना पटेना, तेव्हा धोतर सावरून धुऱ्यावर तीन उड्या मारून दाखवल्या. तिसऱ्या उडीला वावरातले बगळे उडाले, मागोमाग आलेली काकू मटकन खाली बसून हसू लागली, मी ओढणी तोंडात कोंबली. काका धापा टाकत थांबले, पण माघार नाही.

“तुह्याही नरात तोच कचरा हाये, सांगून ठेवतो.”

चाचांनी आपल्या झाडांकडे एकदा पाहिलं.

“असंल. फुलं सकाळीच ने. उन्हानं कोमेजतात.”