पश्चिमेची भिंत

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याहून माहेरी आले की मी आधी शेतातल्या विहिरीवर जाते आणि मग घरात. भावजय तोवर चहा पुन्हा गरम करते. माहेर धरणगावजवळ, शेत कापसाचं आणि विहीर गेल्या आखाजीपर्यंत अर्धी कच्ची: खाली खडक, वर नुसती माती. त्या मातीत साळुंक्यांची वस्ती. डोळ्यांभोवती विटकरी रंग असलेल्या या साळुंक्या झाडांकडे ढुंकूनही बघत नाहीत. माती उकरून हातभर खोल बिळं करतात आणि एकमेकींना खेटून राहतात.

सगळ्यांना पश्चिमेचीच भिंत हवी असते, कारण दुपारनंतर तिथे सावली येते. प्रत्येक जोडीची हद्द म्हणजे बिळाच्या तोंडाभोवतीची वीतभर माती. शेजारीण चुकून तिथे टेकली की तिची पिसं उपटली जातात. एखाद्या बिळातून सापाची कात लोंबत असते. ती कशाला आणतात, हे मला अजून कळलेलं नाही. कावळा आला मात्र की भांडणं तहकूब होतात आणि अख्खी भिंत त्याच्यावर तुटून पडते.

आमच्या घरातली हद्द फार शांततेत ठरली. वडील गेल्यावर मी जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करून दिली. इकडे बहिणी देतात. न देणारीला आखाजीचं बोलावणं येतं की नाही, हे बघायला मी थांबले नाही.

गेल्या आखाजीला गेले तर विहिरीवर दगडांचा ढीग आणि गवंडी. धाकट्या भावाला पावसाआधी विहीर चारही बाजूंनी बांधून घ्यायची होती. बिळांत पिल्लं ओरडत होती.

"पिल्लं उडेपर्यंत थांब," मी म्हटलं.

"मंग पानी पडी जाई. अक्का, वावरनं तुले काय करनं शे?"

तो रागाने बोलला नव्हता, म्हणून जास्त लागलं. प्रश्न बरोबर होता. माझी तिथे वीतभरही माती नव्हती. जेवताना मी आमरसाची वाटी तशीच ठेवून उठले. आमच्या घरात याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले तेव्हा पूर्वेकडून काम सुरू झालं होतं आणि गवंडी वैतागलेला होता. भावाने त्याला तीनच बाजू बांधायला सांगितल्या होत्या. तीन भिंतींची विहीर त्याने जन्मात बांधली नव्हती. ही चौथी बाजू का नको, असं त्याने माझ्यासमोरच पुन्हा विचारलं.

"ती आमनी अक्कानी भिंत शे," भाऊ म्हणाला आणि माझ्याकडे न बघता मोटार बघायला निघून गेला.

पावसाच्या तोंडाशी त्याचा धुळ्याला फोन आला.

"अक्का, पिल्ले बठ्ठा उडी ग्यात. आते तुनी भिंत बांधू का?"

त्या शेताबद्दल मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं, सही घेतानासुद्धा नाही. मला रडू आलं. ते त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी जरा वेळ खोकले.

"बांध," मी म्हटलं. "पन साळुंक्यास्ले भोकं ठेव."

"कितला?" त्याने विचारलं.