एकोणचाळीस ताऱ्यांचं दुपटं

'मला माहीत नाही' हे शब्द डॉ. सतीश रिसबुडांच्या तोंडून लीड्समध्ये कुणी ऐकले नव्हते. पुण्यात तरी कुणी ऐकले असतील असं सुप्रभाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाटत नव्हतं. सरकारी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्य काढून सतीशराव निवृत्त झाले, तरी लोक विचारायचे थांबले नाहीत. बॉयलर कशाने गळतो, मुलांना कुठली शाळा बरी, कौन्सिलला तक्रार कशी करायची, सगळ्याला उत्तर तयार. निम्म्या वेळा ते बरोबर असायचं, आणि उरलेल्या वेळी इतकं ठाम असायचं की चूक आपलीच असणार असं समोरच्याला वाटे. "उचलली जीभ लावली टाळ्याला," सुप्रभा म्हणायची, पण हसून.

शेजारच्या ब्रेन्डाचा तर त्यांच्यावर देवाइतका विश्वास. तिचा नवरा केन फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला, तेव्हा कितीतरी दिवस ती एकच घोकत होती, "मी त्याला आधी डॉक्टरकडे नेलं असतं तर?" सतीशरावांनी तिच्या किचनमध्ये बसून तिला सांगितलं, की आधी नेऊनही काही फरक पडला नसता. त्या एका वाक्यावर ब्रेन्डा पुन्हा जेवायखायला लागली.

पुढे दोन हजार चारच्या वसंतात माळा आवरताना तिला एक अमेरिकन झेंडा सापडला. तिचे पणजोबा तरुणपणी मॅसॅच्युसेट्सच्या कापडगिरणीत कामाला होते आणि परत येताना त्यांनी तो आणला, असं घरात सगळे सांगत. सुती, हाताने शिवलेला, धुऊन धुऊन मऊ पडलेला. शहराच्या म्युझियमला द्यावा, पणजोबांच्या नावाची पाटी लागेल, असं तिच्या मनात होतं. ती तो घेऊन अर्थातच डॉक्टरांकडे आली.

सतीशरावांनी तारे मोजले. एकोणचाळीस. मग कपाटातला ज्ञानकोश काढला. त्यात कोणत्या वर्षी झेंड्यावर किती तारे होते याचा तक्ता होता. अडतीस होते, मग एकदम त्रेचाळीस. एकोणचाळीस कुठेच नव्हते.

"बोगस आहे, ब्रेन्डा," ते म्हणाले. "असा झेंडा कधी नव्हताच. ज्याला नीट मोजता येत नव्हतं अशा कुणीतरी शिवलाय, तोही बहुतेक इथेच."

ब्रेन्डाचा चेहरा उतरला. "म्हणजे पणजोबा थापा मारत होते तर. तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार." तिने झेंड्याची घडी घातली. सतीशरावांनी ज्ञानकोश जागेवर ठेवला आणि चहा मागवला.

त्याच सुमारास त्यांची मुलगी शाल्मली बाळंतपणासाठी ब्रॅकनेलहून माहेरी आली. सुप्रभा जुन्या साड्यांची दुपटी शिवत बसलेली बघून ब्रेन्डाला नवल वाटलं. दुकानात इतकं नवंकोरं मिळत असताना जुनं कशाला? सुप्रभाने तिला समजावलं, की आमच्याकडे बाळाच्या अंगाला नवं, करकरीत कापड लावत नाहीत. माणसांनी वापरून मऊ केलेलं सुती कापडच लागतं, त्यात मोठ्यांची माया असते. ब्रेन्डाला ते फार आवडलं.

मुलगी झाली, बारसं ठरलं. बायकांनी बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवलं, कानात कुर्र झालं, निधी नाव ठेवलं. मग ब्रेन्डाने लाजत आपली भेट पुढे केली. दोन दुपटी होती, कडांना सुबक टीप घातलेली. एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, दुसरं निळं, ताऱ्यांचं. सुप्रभाने लगेच निधीला ताऱ्यांच्या दुपट्यात गुंडाळून आजोबांच्या मांडीवर दिलं.

जावई यशोधन ऑफिसच्या कामासाठी अमेरिकेत होता, तो बारशासाठी आदल्याच दिवशी परतला होता. त्याने दुपटं निरखलं. "बाबा, हा फ्लॅग होता का? सेम असाच मी बॉस्टनजवळ एका म्युझियममध्ये बघितला, काचेत. थर्टी-नाइन स्टार्स. तिथे लिहिलं होतं, डाकोटा एकच स्टेट म्हणून येणार या अंदाजाने लोकांनी आधीच शिवून टाकले, आणि ऐन वेळी त्याची दोन स्टेट्स झाली. त्यामुळे तो आकडा कधी ऑफिशियल झालाच नाही. म्हणून तर इतके रेअर आहेत."

सतीशरावांच्या पायाखालची वाळू सरकली. कात्री त्यांच्या हाताने चालली नव्हती एवढंच.

"काय म्हणतो जावई?" ब्रेन्डाने कौतुकाने विचारलं. बायकांच्या गलक्यात त्याचे इंग्रजी शब्द तिच्यापर्यंत पोचले नव्हते, आणि मराठीचं तर तिला अक्षर कळत नव्हतं.

"म्हणतो, फार मऊ आहे," सतीशरावांनी इंग्रजीत सांगितलं.

यशोधनने चमकून सासऱ्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सुप्रभाने काहीच पाहिलं नाही असं दाखवलं. ब्रेन्डा मात्र खूश झाली आणि तिने श्रीखंड मागून घेतलं. आपण जावयासमोर, नातीला मांडीवर घेऊन, तिच्या तोंडावर खोटं बोललो, या विचाराने सतीशरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. झेंड्याची चूक अज्ञानाने झाली होती. ही मात्र त्यांनी समजून-उमजून केली होती.

पाहुणे गेल्यावरही ते दुपटं रोज दोरीवर वाळत होतं, आणि सतीशरावांनी बागेत जाणं सोडलं. शेवटी सुप्रभाच म्हणाली, "अहो, किती दिवस तोंड लपवणार? जा आणि सांगून या."

ते गेले. ब्रेन्डाच्या किचनमध्ये, त्याच खुर्चीवर बसून, त्यांनी सगळं सांगितलं. बारशातलं खोटंही सांगितलं. क्षमा मागितली.

ब्रेन्डाने हातातला कप खाली ठेवला. "म्हणजे पणजोबा खरं बोलत होते."

"हो."

"आणि मीच कापला तो." ती रागावली नाही. रागावली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. मग तिने हळूच विचारलं, "डॉक्टर, केनचं तुम्ही सांगितलंत. आधी नेलं असतं तरी काही झालं नसतं म्हणून. ते तुम्हाला माहीत होतं, की तेही असंच?"

ते त्यांना माहीत होतं. तेव्हा ते स्वतः केनचे स्कॅन बघून, त्याच्या डॉक्टरांशी बोलून आले होते. आयुष्यात ज्या थोड्या गोष्टी त्यांनी खात्री करून सांगितल्या, त्यातली ती एक होती.

"ते माहीत होतं," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच ठाम निघाला, आणि त्या आवाजाचीच त्यांना शरम वाटली.

ब्रेन्डा उठून कप विसळायला लागली.

"तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार," ती म्हणाली. झेंड्याच्या दिवशीही ती हेच म्हणाली होती, पण तेव्हा तिने त्यांच्याकडे पाहिलं होतं.