मध्यंतरातले आठ सत्कार

धुळ्यातल्या त्या फुटबॉल फायनलबद्दल सात वर्षं मी एकच गोष्ट सांगत आलो. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले आणि मॅचचं वाटोळं झालं. ऐकणारे लगेच माना डोलवायचे, कारण पाहुणे उशिरा येतात हे आपल्याकडे कोणाला पटवून द्यावं लागत नाही. शिवाय मी मूळचा जळगावचा, नोकरीपुरता धुळ्यात, आणि हरला होता जळगावचा संघ. माझी चिडचिड सगळ्यांना रास्त वाटायची. चिडचिड खरीच होती. आजही ती मॅच आठवली की घास गोड लागत नाही. पण पाहुण्यांचा उशीर तासाभराचा होता. उरलेल्याचं मी कधी बोललो नाही.

त्या स्पर्धेच्या कमिटीत मी होतो तो केवळ अक्षर चांगलं म्हणून. फुटबॉल मी कधी खेळलो नाही, फक्त पाहिला. शाळेपासून, आणि तोही एकाच माणसासाठी. माझा वर्गमित्र जळगावचा गोलकीपर होता. पोटासाठी वेल्डिंग, गेट आणि ग्रिल बनवायचा. अडतिसाव्या वर्षीही गोलमध्ये तोच उभा राहायचा, कारण दुसरा कोणी मिळत नव्हता आणि त्यालाही सोडवत नव्हतं. जळगावला तो चषक कधीच मिळाला नव्हता. "एकदा घेऊ दे," तो म्हणायचा, "मग हातमोजे खुंटीला."

आमच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त क्रीडाशिक्षक. सगळे त्यांना नाना म्हणत. सत्कारांची यादी करायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं आणि बजावलं, "दहा मिनिटांत उरकायचं, भाऊ. मध्यंतरात तर काहीच नको. डिसेंबर आहे. सूर्य काही आपल्या कमिटीत नाही."

पण यादी म्हणजे काय असते ते ज्यानं केली त्यालाच कळतं. एका नगरसेवकाचं नाव घातलं की दुसऱ्याचं घालावंच लागतं. ज्याचं राहिलं तो वर्षभर रस्त्यात तोंड फिरवतो. पहिलं पान भरलं. नानांनी लाल पेनानं अर्ध्याहून जास्त नावं खोडली. मी नवीन पान लिहिलं, आणि लिहिता लिहिता मला वाटलं, आपलं नाव कुठेच नाही.

आता सांगायलाच बसलोय तर सगळं सांगतो. माझे सासरे फैजपूरचे, केळीवाले. दर दिवाळीत सगळ्यांसमोर विचारायचे, "जावईबापू, त्या फुटबॉलमध्ये तुम्ही नेमकं करता काय?" आणि सगळं घर हसायचं. माझी बायकोसुद्धा, पदर तोंडाला लावून. त्या फायनलला ते खेळाडूंसाठी केळीचा घड घेऊन येणार होते, पहिल्या रांगेत बसणार होते. एकदा, फक्त एकदा, त्यांच्यासमोर माइकवरून माझं नाव पुकारलं जावं असं मला वाटलं. मी मध्यंतराच्या रकान्यात लिहिलं: ज्येष्ठ फुटबॉलप्रेमी, आणि पुढे माझं नाव. एकटं नाव फार उघडं दिसत होतं. म्हणून त्याच्या मागेपुढे सात नावं घातली. मांडववाला, माइकवाला, पाण्याचा टँकर देणारा, चुन्यानं रेषा आखणारा, असे. माझं पाचवं. कागद नानांना न दाखवता मी थेट सूत्रसंचालकाच्या हातात दिला.

मॅचच्या दिवशी दुपारी मित्र माझ्याकडे जेवायला आला. डोळे लाल, पाणी गळत होतं. माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, एक कच्चा बटाटा चिरून देता का?" आडवा होऊन त्यानं बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवल्या. लग्नसराईची गेटं होती, आठवडाभर रात्रंदिवस वेल्डिंग केलं होतं.

"दिसतंय ना रे?" मी विचारलं.

"उन्हात एकदम क्लिअर. समोरून लाइट आला की मात्र खलास. नुसती वाळू टोचते." मग चकत्यांखालून हसला. "मॅच तीनला आहे ना? मग काय टेन्शन!"

मी हो म्हणालो. यादी त्या वेळी सूत्रसंचालकाच्या खिशात होती. फोन करून मागता आली असती.

पाहुणे चारला आले, मग भाषणं आणि आधीचे सत्कार; तीनची मॅच पावणेपाचला सुरू झाली. पहिला अर्धा तास जळगाव असा खेळला की मी खुर्चीत बसूच शकलो नाही. एक चेंडू आडव्या खांबाला लागून परत आला. मागून कोणी तरी ओरडलं, "ओ भाऊ, पाणी धुळ्याचं पिता आन टाळ्या जळगावला वाजवता!" मी आणखी जोरात वाजवल्या.

मग मध्यंतर. पाच मिनिटांचं.

सूत्रसंचालक माणूस हौशी. प्रत्येक नावाआधी दोन ओळी बोलायचा, मग शाल, नारळ, गुच्छ, फोटो, आणि फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा फोटो. टँकरवाला सापडेना, तो टँकर लावायला गेला होता, त्याला शोधून आणलं. मैदानातून खेळाडू हातवारे करत होते. नाना मांडवाच्या खांबाशी उभे राहून घड्याळ बघत होते. गर्दीतून आवाज आला, "बठ्ठासना सत्कार व्हई गया, आते गोलपोस्टना बी करी टाका!" सगळं मैदान हसलं. आणि त्या हशातच माझं नाव पुकारलं गेलं. मी स्टेजवर चढलो. पिवळी शाल अंगावर पडली. सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या की नाही, मला दिसलं नाही, कारण ते शेजारच्या माणसाला केळी देत होते.

नानांनी माझ्याकडे बघितलं आणि घड्याळावर बोट ठेवलं.

मध्यंतर अर्धा तास चाललं होतं, म्हणून दुसरा हाफ रेफ्रीनं कापून वीस मिनिटांचा केला. जळगावचा डावीकडचा खेळाडू चेंडू घेऊन एकटा निघाला होता, समोर फक्त धुळ्याचा गोलकीपर, आणि शिट्टी वाजली. अंधारून आलं होतं. शून्य-शून्य. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही; आणि बोलताना शाल खांद्यावरच होती.

मित्र रेफ्रीला म्हणाला, "पेनल्ट्या उद्या सकाळी घ्या. आम्ही थांबतो." पण पाहुण्यांना चषक आपल्याच हातानं द्यायचा होता आणि मांडववाल्याला दुसऱ्या दिवशी लग्नाचा मांडव घालायचा होता. कोणाला तरी युक्ती सुचली. पेनल्टी मारणाऱ्याच्या मागे दहाबारा मोटारसायकली रांगेत लावल्या आणि सगळ्यांचे लाइट गोलवर सोडले.

धुळ्याचा गोलकीपर वीस-बावीस वर्षांचा, त्यानं डोळ्यांवर हाताची सावली केली आणि दोन अडवल्या. माझा मित्र उभा राहिला, चेंडू सुटायच्या आत त्याची मान आपोआप बाजूला वळली. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तो तोंड खांबाकडे करून उभा होता आणि चेंडू त्याच्या गुडघ्याजवळून हळू गेला. "डोया उघाड ना भो!" लोक ओरडत होते. चौथीनंतर पाचवीची गरजच उरली नाही.

मी रेफ्रीकडे जाऊन सांगू शकलो असतो. दुपारचे बटाटे मी पाहिले होते. पण मध्यंतर लांबलं कशामुळे, हा प्रश्न त्यामागून आलाच असता.

जळगावात त्याचं नाव पडलं डोळेमिट्या. दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवरून पोरंसोरंसुद्धा हाक मारायची. पुन्हा तो मैदानावर गेला नाही. मी सुट्टीत भेटायचो, पाहुण्यांना शिव्या द्यायचो, तो ऐकून घ्यायचा.

यंदा माझी बदली जळगावला झाली. सामान बांधताना बायकोनं शाल काढून विचारलं, "ही कशाची हो?" तिला आठवतही नव्हतं.

आठवडाभरानं मी नशिराबादच्या रस्त्यावरच्या त्याच्या दुकानात गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो ग्रिल घासत होता. थांबला नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी गोलात बसून कोण कोण चढतंय ते बघत होतो. पिवळी शाल. तेव्हा तर मला दिसत होतं."

"मग सात वर्षं बोलला का नाहीस?"

"मी का बोलू? हरलो होतो मी. बोलायचं होतं तुला." मग टपरीकडे बोट केलं. "आणि मला कशाला सांगतो? तिथं सांग."

मी गेलो. चहा घेणारे सहासात जण होते, त्यात त्या संघातले दोघं. मी यादी सांगितली, शाल सांगितली, बटाटेही सांगितले. ते ऐकत होते, पण करमणूक ऐकावी तसे.

"म्हणजे तुम्ही ज्येष्ठ फुटबॉलप्रेमी!" एक जण म्हणाला, आणि हसण्याची लाट आली. संघातला एक कप ठेवत म्हणाला, "ते सगळं खरं असंल भाऊ. पण डोळे तर यानंच मिटले ना?"

मी समजावत राहिलो. वेल्डिंग, लाइट, वाळू. विषय कधीच केळीच्या भावावर गेला होता.

परत आलो तेव्हा त्यानं विचारलं, "झालं?"

"ऐकत नाहीत रे."

"सात वर्षांपूर्वी ऐकलं असतं." त्यानं काळी काच तोंडासमोर धरली, वेल्डिंगचं हँडल उचललं. मी समोरच उभा होतो. "तिकडं बघ," तो म्हणाला, "डोळे जातील."

ठिणगी पडायच्या आत मी मान वळवली.