धुरपदाच्या मुठीतलं मीठ

मांडवगण फराट्याच्या मारुतराव गुळव्याची मुलगी शितल गुऱ्हाळातल्या गुळाच्या काहिलीशेजारी मोठी झाली. उसाचा रस उकळायला लागला की वर मळी धरते. मळीतून बुडबुडे येतात, फुटतात आणि फुटताना बारीक तुषार उडवतात. म्हणून गुऱ्हाळाच्या छपराचे वासे कायम चिकट. त्या तुषारात रस असतो, तशी मळीही असते. वाशांवरच्या मुंग्या बघत शितल हे शिकली.

पुण्यात पीएचडीला तिनं हाच खेळ समुद्रात धरला. लाट फुटते, हवा पाण्यात कोंडते, बुडबुडे वर येऊन फुटतात. उडालेला तुषार सुकतो आणि हवेत मिठाचा कण उरतो. समुद्राच्या वरच्या पापुद्र्यातले सूक्ष्म जिवांचे अवशेषही त्याला चिकटून वर जातात. ढगाला बसायला काही तरी लागतं. आपल्याकडे धूळ आहे, धूर आहे. ध्रुवाकडची हवा इतकी स्वच्छ, की तिथल्या ढगांना या तुषारांचा मोठा आधार. मिठावर पाण्याचे थेंब धरतात. जिवांच्या अवशेषांमुळे काही थेंब लवकर गोठतात. ढगात पाणी किती आणि बर्फ किती, यावर तो किती ऊन परतवणार ते ठरतं.

दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रावरच्या पहिल्या सफरीआधी तिनं हे सगळं आईला सांगितलं होतं.

"म्हंजी तू ढगातलं मीठ बघाया चाललीस?" धुरपदानं विचारलं.

"व्हय."

"आगं, मग एवढं लांब कशाला? डब्यात हाय की."

मारुतराव हसता हसता खोकले. प्रतिभाही हसली. ती शितलची हॉस्टेलमधली जोडीदार, दौंडची, त्याच प्रयोगशाळेतली. त्या दिवशी दोघी मिळून गावी आल्या होत्या. धुरपदानं दोघींना एकाच ताटात वाढलं. "ह्या दोन पोरी माझ्याच," असं तिनं शेजारणीला सांगितलं.

शितलचं बाकी सामान बंदरावर गेलं होतं. कोऱ्या फिल्टरची एक पेटी तेवढी हातातून न्यायची होती. समुद्रावरची हवा या फिल्टरमधून ओढायची आणि अडकलेले कण तपासायचे. सकाळी शितल उठली तर पेटीचं झाकण उघडं. आत पांढरे खडे आणि मोहरीचे चार दाणे.

"तुझी दिष्ट काढली," धुरपदा म्हणाली. "डब्याची बी काढली. त्यो बी तुज्यासंगं चाललाय नव्हं?"

शितलनं कपाळाला हात लावला. मग ती हसत सुटली. ती पेटी तिनं तशीच बंद करून घरात ठेवली. जहाजावर सगळं काम दुसऱ्या पेट्यांतल्या फिल्टरवर झालं. परत आल्यावर हॉस्टेलच्या गॅलरीत तिनं ही गंमत एकट्या प्रतिभाला सांगितली. मार्गदर्शक सरांना सांगितली नाही. आईची दृष्ट प्रयोगशाळेत हसण्यावारी जाईल, याची तिला लाज वाटली.

दुसरी सफर महत्त्वाची होती. तिकडच्या उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ हटतो आणि पाण्यातले सूक्ष्म जीव फोफावतात. तेव्हाचा तुषार मिळाला नसता तर शितलचा प्रबंध अर्धा राहणार होता. जहाजावर जागा एकच होती आणि ती शितलची, असं सगळे धरून चालले होते.

सरांनी तिला बोलावलं.

"तुमच्या घरी फिल्टरवर मीठ पडलं होतं?"

"पडलं होतं, पण ती पेटी मी..."

"मला तेव्हा का सांगितलं नाहीत?"

शितल पेटीचं पुन्हा सांगू लागली. सरांनी हात वर केला.

"आपण मीठ मोजतो," सर म्हणाले. "त्यात मिठाचीच शंका. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू? या वेळी प्रतिभा जाईल."

प्रतिभा खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तू सांगितलंस?"

"सरांनी विचारलं गं. खोटं कसं बोलू?"

"ती पेटी मी नेलीच नाही. तुला माहीत होतं."

"तेही सांगणार होते."

"कधी?"

प्रतिभानं हातातली घडी मोडली. पुन्हा घातली. "शितल्या, जागा एकच होती."

शितल गावी आली. गुऱ्हाळ चालू होतं. धुरपदा काहिलीखालच्या चुलवणात पाचट सारत होती.

"कवा निघायचं?"

"मी नाही जात. प्रतिभा चाललीय."

धुरपदाचा हात थांबला. "आन् तू?"

"जागा एकच होती."

"त्या डब्यापायी काय झालं न्हाई ना? माज्यामुळं?"

शितलनं काहिलीकडं पाहिलं. मळी वर येत होती.

"नाही गं. तुझा काय संबंध?"

"मग आसू दे. ती बी आपलीच पोर. फोटू हाय का तिचा? दाव."

"कशाला?"

"एवढी लांब चाललीय. दिष्ट नको काढाया?"

"राहू दे, आई."

"राहू दे काय? तुजी काढली आन् तिची नको? आसं आसतं का? दाव म्हणते ना."

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार होतं. आणि कारण आईच्या मुठीतलं मीठच होतं. शितलनं फोनवर फोटो उघडून समोर धरला. हॉस्टेलच्या गॅलरीतला, दोघींचा. धुरपदानं मीठ-मोहरीनं मूठ भरली आणि फोनभोवती ओवाळू लागली.

"आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, मैतरणीची..."

शितलनं फोन जरा खाली घेतला.

"नीट धर की."

तिनं नीट धरला. धुरपदानं मूठ चुलवणात टाकली. मीठ तडतडलं, मोहरी उडाली.

"बघ, केवढी लागली व्हती पोरीला," धुरपदा म्हणाली. तिनं हात झटकले आणि पुन्हा पाचट उचललं. मग वळून पाहिलं.

"आगं, झालं. ठेव की आता खाली."