रोजचा एक वाचक

मुलुंडच्या अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या टेबलावर साठीच्या एक काकू बसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. स्पर्धा परीक्षांच्या पोरांमध्ये त्या एकट्याच वेब अ‍ॅनालिटिक्सच्या सर्टिफिकेटचा अभ्यास करायच्या. साइटवर किती लोक येतात, किती वेळ थांबतात, ते मोजायचं काम. माझी नोकरीच त्यातली, म्हणून काही अडलं की माझ्या टेबलावर पेन्सिलने टकटक व्हायची. सॉफ्टवेअर बदलल्याची बातमी आली की वैतागायच्या, "आत्ताच पाठ केलं होतं रे!"

सरावासाठी त्यांनी मालवणी जेवणाची छोटीशी साइट काढली होती. "रोज एक जण येतो," असं कौतुकाने सांगायच्या. मी मनात म्हटलं, वाट लागली, ही तर नवशिक्यांची नेहमीची चूक, काकू स्वतःच्याच भेटी मोजतायत. पण सांगवेना. घरी जाऊन मीच ती साइट उघडली. बांगड्याच्या तिखल्याच्या कृतीखाली लिहिलं होतं, "मिरची कमी घाल, तुला सोसत नाही."

दुसऱ्या दिवशी टकटक झाली. "काल दोघं आले. मुलुंडचा तूच ना?"

मी ओशाळलो. "काकू, मला वाटलं, तो रोजचा एक म्हणजे तुम्हीच."

त्या हसल्या. "आपल्या भेटी वगळायच्या, हे पहिल्याच धड्यात आहे. रोजचा तो बंगळुरूचा. माझा मुलगा." मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, फोन उचलत नाही रे. पण रोज चार मिनिटं थांबतो."