नव्या भाताची घाई

माझा स्वभाव तापट आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून काढली, त्यातली शेवटची बारा जव्हारला. निवृत्तीनंतर नगरकडे परत जायचं ठरलं होतं. सामान बांधायला खोकीसुद्धा आणली होती. पण आमच्या ह्यांना इथली हवा मानवली आणि मला इथली माणसं. गावाबाहेर शिरपामाळच्या रस्त्याला नवे प्लॉट पडले होते, तिथं दोन खोल्या आणि एक ऐसपैस ओटा बांधला. आमची मंडळी त्या ओट्यावर सुरू झाली.

मंडळी म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांची, दर रविवारी उपासनेला जमणारी माणसं. सुरुवातीला अवघी चार डोकी. आम्ही दोघं, आणि नाशिककडून बदली होऊन आलेले एक मास्तर आणि त्यांची बायको. पाळकसाहेब महिन्यातून एकदा एसटीनं यायचे. बाकीचे रविवार आम्हीच वाचायचो, आम्हीच गायचो. हे ढोलकी धरायचे आणि मास्तर हमखास वरच्या पट्टीत गाणं उचलायचे. मग दुसऱ्या कडव्याला आम्हा सगळ्यांचा आवाज चिरकायचा. शेजारी हसायचे. आम्हीही हसायचो.

पाचवी आली ती दाभोशाकडच्या एका पाड्यावरची बाई. रविवारी जव्हारला रानभाजी विकायची आणि परतीची जीप भरेपर्यंत आमच्या ओट्याच्या पायरीवर टेकायची. आधी पाणी मागितलं. मग एकदा म्हणाली, "सिस्टर, ते मागल्या वेळचं गाणं म्हणा ना." मग स्वतःच म्हणायला लागली. काय सांगू आवाज! मास्तरांची वरची पट्टी तिनं सहज पेलली. नवरा वसईकडे बांधकामावर, मूलबाळ नाही, घरात ती आणि सासू. सासूला ठाऊक होतं सून कुठं बसते ते. "गाणीच म्हणते ना, म्हणू दे," एवढंच ती म्हणायची. बाप्तिस्म्याचं आम्ही काढलं नाही आणि तिनंही काढलं नाही.

पुढे मोखाड्याहून दोन घरं यायला लागली, आश्रमशाळेतली एक स्वयंपाकीणबाई आली, पोस्टातले एक आले. ओटा पुरेना. मग मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड उभी केली. पहिल्याच पावसात ती अशी वाजायला लागली की प्रार्थना कुणाची कुणाला कळेना. तिसऱ्या वर्षी रीतसर मंडळी म्हणून आमची नोंद झाली. आमच्यात, प्रेस्बिटेरियन लोकांत, पाळक एकटा काही ठरवत नाही. मंडळीनं निवडून दिलेले वडील एकत्र बसून ठरवतात. आम्ही तीन वडील निवडले आणि त्यातली एक मी. बाईमाणसाला वडील म्हणतात म्हणून आमच्या ह्यांनी महिनाभर माझी थट्टा केली. मी मात्र फार ताठ झाले होते. नोंदवही माझ्याकडे, किल्ली माझ्याकडे, आणि कुणी उशिरा आलं की माझी नजर दाराकडे.

त्याच वर्षी मी ठरवलं, आता कापणीचा सण करायचा. माझ्या माहेरच्या मंडळीत तो फार थाटात होई. प्रत्येक घरानं आपल्या शेतातलं पहिलं पीक आणायचं, वेदीपुढं मांडायचं, देवाचे आभार मानायचे आणि तिथंच शिजवून सगळ्यांनी खायचं. पाळकसाहेबांना ऑक्टोबरचा पहिला रविवार मोकळा होता. मी तोच धरला. कुणाला विचारलं? कुणाला नाही. "हळवं भात लवकर पिकतं, तोवर कापायला येतंच," असं मीच म्हणाले आणि मीच लिहून टाकलं.

त्याच्या आधीच्या रविवारी ती रानभाजीवाली बाई माझ्यामागं घुटमळत राहिली. मी खुर्च्या पुसत होते.

"सिस्टर, घरात अजून नवं व्हायचं हाय. सासू मोखाड्याला लेकीकडं गेली. ती आल्यावर करल."

नवं म्हणजे काय हे मला इतक्या वर्षांत माहीत झालं नव्हतं असं नाही. या डोंगरातल्या घरांतून नव्या भाताचा दाणा कुणी असाच तोंडात घालत नाही. घरातलं सगळ्यात मोठं माणूस तो शिजवून आधी देवांना आणि पितरांना ठेवतं, मग स्वतः खातं, मग बाकीच्यांना मिळतो. पण मला त्या दिवशी खुर्च्या दिसत होत्या. आणि खीर दिसत होती.

"अगं, देवाला द्यायला कसली वाट बघायची?" मी म्हणाले. "आण तू. मी सांगते ना!"

तिनं आणलं. भाताची एक सुंदर पेंढी, आणि खिरीसाठी स्वतः कापून, वाळवून, कांडलेला तांदूळ. तिच्याच तांदळाचा वास शेडभर सुटला होता. खीर वाढताना मी सगळ्यांत आधी द्रोण तिच्या हातात दिला, मान म्हणून. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाल्लं. सण फार छान झाला असं मी त्या दिवशी सगळ्यांना सांगत होते.

पुढचे तीन रविवार ती आली नाही. चौथ्या आठवड्यात बाजारात दिसली. डोळे खोल गेलेले.

"काय गं, आजारी होतीस का?"

"नाय. सासू माझ्या हातचं खाय नाय."

सासू परत आली, तिनं शेताच्या कोपऱ्यातलं कापलेलं पाहिलं आणि विचारलं. या बाईला खोटं बोलता येत नाही. सांगितलं. म्हातारी एक शब्द बोलली नाही. ओसरीच्या कडेला तीन दगड मांडून तिनं आपली वेगळी चूल पेटवली. त्या दिवसापासून सुनेनं वाढलेलं ताट तसंच राहायचं. "भांडली असती तरी बरं होतं, सिस्टर," ती म्हणाली. "पाड्यावरच्या बायासुद्धा आता माझ्याकडची चटणी नेत नाय. नवऱ्याला फोनवर कळलं. तो म्हणतो, आयनी हातचं खाल्लं नाय तर मी घरी येऊन काय करू."

आमच्या बैठकीत हे निघालं तेव्हा पाळकसाहेब गंभीर झाले. तरुण माणूस, हुशार, मनानं चांगला. "हा छळ आहे," ते म्हणाले. "तिच्यासाठी उघड प्रार्थना करू. इतर मंडळ्यांनाही कळवू." माझंही डोकं फिरलंच होतं. म्हातारीला मी चार शब्द सुनावले, ती समोर नसताना. सुनेनं मला आधी विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, हे मात्र मी त्या बैठकीत सांगितलं नाही. विसरले नव्हते. सांगितलंच नाही.

घरी आल्यावर ह्यांच्यापुढं सगळं ओकले. हे चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "मग छळ कुणी केला?" दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जीपमध्ये बसले.

पाड्यावर पोचले तेव्हा म्हातारी अंगणात झोडलेला पेंढा रचत होती. बारीक अंगाची, पण हात चिवट. सून दारात उभी राहिली ती राहिलीच. म्हातारीनं मला चटई टाकली, आपल्या हंड्यातलं पाणी दिलं आणि समोर उकिडवी बसली.

"सिस्टर, तुमचे देवाला येवढी भूक लागली व्हती का?"

वाटेत मी भाषण तयार केलं होतं. देव एकच कसा, प्रेम काय, क्षमा काय. त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ.

"देवाला नाही," मी म्हणाले. "घाई मला होती. हिनं मला विचारलं होतं, घरात नवं व्हायचंय म्हणून. मीच म्हटलं आण. मीच तिला आधी खायला दिलं."

म्हातारीनं मान वळवून सुनेकडे पाहिलं. "ही बोलली नाय."

महिनाभर त्या पोरीनं सगळं स्वतःवर घेतलं होतं. माझं नाव काढलं नव्हतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग म्हातारी बोलली. आवाज चढवला नाही. "आवणीला मी चिखलात. रानडुकरांची राखण मी केली. घरात मी मेली का मग ही मोठी. मी जिती असता हिनी आधी खाल्लं, म्हणजे मी मेलीच ना? मेलेलं माणूस सुनंच्या हातचं कसं खायल?"

मी हात जोडले. माझ्या मुलीच्या वयाच्या पाळकांपुढं न वाकणारी मी, त्या अंगणात वाकले. "चुकलं माझं, आजी," म्हणाले. ती "बरं" म्हणाली आणि उठून पुन्हा पेंढा रचायला लागली. झालं. माफ केलं नाही, हाकललंही नाही.

सून रस्त्यापर्यंत पोचवायला आली. "माझं नाव का नाही सांगितलंस गं?" मी विचारलं.

"तुम्ही मोठ्या ना," ती म्हणाली.

पुढच्या बैठकीत मी आधी माझी चूक सांगितली. मास्तर खाली बघत बसले. मग मी मागणी केली, की यापुढं कापणीच्या सणाची तारीख आपण कॅलेंडरवरून धरायची नाही. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक घरात नवं झालं का, ते आधी जाऊन विचारायचं. शेवटच्या घरातलं झालं, की मग आपला सण.

"सिस्टर, असं केलं तर त्यांच्या देवांना आपण मान दिल्यासारखं होईल," पाळकसाहेब म्हणाले.

"देवांना नका देऊ," मी म्हणाले. "म्हाताऱ्या माणसांना द्या. एवढं तर शास्त्रातही आहे ना?"

बराच वाद झाला. मोखाड्याच्या एका भाऊंनी, जे कधी फारसं बोलत नाहीत, सांगितलं की आमच्या आईनंही त्या दिवशी तोंड फिरवलं होतं, आम्ही फक्त तुम्हाला बोललो नाही. मग ठराव झाला. पाळकसाहेबांनी स्वतःच्या हातानं तो वहीत लिहिला आणि मला म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं." त्या दिवसापासून मला तो माणूस आवडायला लागला.

तिला मी सांगितलं, घर जुळेपर्यंत तू शेडमध्ये येऊ नकोस, घरात अजून काही बिघडायला नको. ती पुन्हा पायरीवर बसायला लागली, भाजीची टोपली शेजारी ठेवून. आत गाणं सुरू झालं की बाहेरून तिचा आवाज यायचा. दर रविवारी मी एकच विचारायचे, "जेवली का तुझ्या हातचं?" ती मान हलवायची. नाही. उन्हाळा गेला. पावसात सासूसुनेनं शेजारी शेजारी वाकून भाताची आवणी केली आणि बांधावर बसून आपापली भाकरी खाल्ली. नवरा गणपतीला येऊन दोन दिवसांत परत गेला. घरात बसवत नाही म्हणाला. मी रोज प्रार्थना करायचे आणि प्रार्थना करताना माझीच मला लाज वाटायची. एखाद्या घरातली चूल आपण फोडली, हे काही पत्र्याची शेड बांधून भरून निघत नाही.

दिवाळी झाली. आमची माणसं घरोघर विचारून आली. दाभोशाला मी स्वतः जाणार होते, पण पाय धजला नाही, पोस्टातल्यांना पाठवलं. ते म्हणाले, म्हातारीनं नवं केलं, सगळं रीतीनं झालं, आणि तुमचा सण कधी ते तिनं विचारून घेतलं. जेवणाबद्दल विचारायचं ते विसरले. पुरुषमाणसं!

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सण होता. लोक टोपल्या, काकडीसारखी मोठी तवशी, नागलीची कणसं घेऊन येत होते. मी दारात उभी होते. ती जीपमधून उतरली आणि डोक्यावरची पाटी घेऊन पायरीपाशी थांबली, रोजच्यासारखी. मी धावत गेले. या वयात धावू नये, पण धावले.

"विचारून आणलंस ना?"

"विचारलं. सासूनी भरून दिलं."

माझ्या तोंडून पुढचा प्रश्न फुटेना. वर्षभर विचारला होता आणि आता भीती वाटत होती. तिला कळलं. तिनं पाटी खाली ठेवली.

"काल जेवली," ती म्हणाली. "पहिला घास घेतला आन् मला शिव्या दिल्या. येवढी वर्षं झाली, म्हणते, तुला अजून मीठ टाकता येत नाय."

तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वर्षभर तिच्या जेवणाला नावं ठेवायलासुद्धा घरात कुणी नव्हतं. मी तिला तिथंच, रस्त्यावर, सगळ्यांसमोर धरलं आणि दोघी रडलो. आत मास्तरांनी गाणं उचललं होतं, नेहमीसारखं वरच्या पट्टीत, आणि पहिल्या कडव्याला आम्ही दोघी नव्हतो.