चौकातला फ्लेक्स आणि सनाचे एक्याण्णव

सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून तुमच्याशी बोलतोय.

आमच्या घाटंजीत शेजारच्या रफिकभाईंनी चौकात फ्लेक्स लावलाय. एमबीएच्या प्रवेश परीक्षेत '९१ टक्के' मिळवल्याबद्दल त्यांच्या मुलीचं, सनाचं, अभिनंदन. खरं तर ते ९१ पर्सेंटाइल आहेत.

आज सनानंच मला त्यांच्या गॅरेजवर बोलावलं. "काका, अब्बूले तुम्हीच समजावा. मले परत परीक्षा द्याची आहे. उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे."

"एक्याण्णव भेटले न! आता परत कायले?" रफिकभाई पाना पुसत म्हणाले.

मी सांगितलं, हे गुण नाहीत. दर शंभरात एक्याण्णव जण सनाच्या मागे आहेत आणि नऊ पुढे. पण परीक्षेला एवढी मुलं बसतात की ते नऊ-नऊ मिळून हजारो होतात. तिला हव्या असलेल्या पुण्याच्या कॉलेजात जागा मात्र मोजक्या.

त्यांनी पाना खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हंजे पोरगी हुशार नाही?"

"हुशार तं आहेच मी, अब्बू," सना हसली. "पण पुण्यासाठी एवढं पुरत नाही."

"अन् यावेळी कमी आले तं? अख्ख्या गावानं माये पेढे खाल्ले."

दोन्ही वेळच्या परीक्षांतला चांगला निकाल धरतात, हेही मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण फॉर्म भरायला होकार दिला नाही.

मघाशी पुन्हा जाऊन आलो. फ्लेक्स तसाच आहे, फॉर्म भरलेला नाही. पोरीला तिचं कौतुकच अडवून बसलंय. उद्या सकाळी रफिकभाईंना काय सांगू?